दोन्ही हात ओट्यावर

"अजून मार लागला तर डोळा जाईल," डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, कमजोर झाला होता.

चैताली माझी नात. नऊ वर्षांची, बोलत नाही. ऑटिझम आहे, म्हणजे मेंदूची घडणच निराळी. मिक्सर लागला की ती स्वतःच्याच डोळ्यावर बुक्क्या मारते.

मी चौथी शिकलेला. चाकणला पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर जन्म गेला. मी तिचे हात धरून ठेवायचो. सोडले की जास्तच मारायची.

सून म्हणाली, "मामा, आकुर्डीला बिहेविअर थेरपीच्या बाई आहेत." म्हणजे वागणुकीला वळण लावायचं.

"आपली पोर काय सर्कशीतली हाय का?" मी म्हणालो. पण डोळ्याच्या भीतीनं गेलो. बाहेर बाकावर बसलो, तर आत कुणाचं तरी लेकरू ओरडत होतं.

बाई म्हणाल्या, "आजोबा, ती मारते, मग तुम्ही मिक्सर बंद करता. 'बंद करा' म्हणायची हीच रीत तिला सापडलीय. हात धरू नका, हातांना दुसरं काम द्या. तिला जमेल अशी खूण सांगा."

मला प्रेस आठवली. त्या मशीनला दोन बटणं. दोन्ही हात बटणांवर असले तरच साचा खाली येतो, म्हणून हात सापडत नाही. मी टेबलावर दोन्ही पंजे टेकवले. "ही खूण. फक्त उलटी. हात टेकले की मशीन बंद."

"चालेल," बाई हसल्या. "पण मग लगेच बंद करायचं. चटणी अर्धवट वाटलेली राहिली तरी."

रोज सराव. मिक्सर लावायचा, सुनेनं तिचे पंजे ओट्यावर टेकवायचे, मिक्सर बंद. मूठ वर गेलीच तर मी उशी आडवी धरायची, तोंडातून शब्द न काढता. आधी ती जास्तच चिडली. बाईंनी तसं सांगून ठेवलं होतं. एकदा उशी चुकली. डोळा लालभडक. तसंच तिला दवाखान्यात नेलं. पडदा शाबूत निघाला.

मग एका सकाळी सून शेंगदाण्याची चटणी वाटत होती. मूठ वर गेली. मी उशीकडे धावलो. तेवढ्यात धप्प! दोन्ही पंजे ओट्यावर. कुणी टेकवले नव्हते.

"मामा, बंद करू?"

"विचारतीस काय, कर की!"

मिक्सरचा आवाज आला की मला अजून भीती वाटते, उशी हाताशी ठेवतो. ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांनी भ्यावं, पण त्याचे हात बांधू नयेत. त्या चटणीचा पहिला डबा बाईंना नेऊन दिला. आमच्या घरची चटणी आता जाडीभरडीच असते. नावं ठेवायची असतील त्यांनी जेवायला येऊ नये.