मराठी: उत्तम

नोकरीसाठी मी आयुष्यात एकच खोटं लिहून दिलं, ते म्हणजे मला मराठी येतं.

आता माझं आडनाव ऐकल्यावर हे खोटं आहे असं लखनौत कुणाच्या बापाला वाटलं नसतं. शाळेतल्या बाई, इंदिरा नगरातला आमचा सब्जीवाला, शेजारच्या भाभी, सगळ्यांचा समज असा की आम्ही घरात सकाळपासून मराठीच बोलत असणार. ते अर्धं खरं होतं. आई बोलायची. वडील रेल्वेत इंजिनीअर. मी चार वर्षांची असताना ते बदलून लखनौला आले, आणि पुढे त्यांच्या बदल्या होत राहिल्या तरी बिऱ्हाड इथंच राहिलं. शाळा सुरू झाली तसं माझं तोंड हिंदी झालं. आई मराठीत विचारायची, मी हिंदीत उत्तर द्यायची. 'भात वाढू का?' 'नहीं, बस।' असं आमचं सतरा वर्षं बिनबोभाट चाललं होतं. आई कधीतरी म्हणायची, 'पोटची पोर मला आप म्हणते, पाहुणीला म्हणावं तसं.' त्यावर घरात सगळे हसायचे. ती स्वतः हसायची की नाही, हे मी कधी पाहिलं नाही.

बी.ए. झाल्यावर बायोडेटा टाइप करून घ्यायला मी अमीनाबादच्या एका गल्लीत गेले. तिथला टायपिस्ट म्हणजे नुसता टायपिस्ट नव्हता, तो उमेदवारांचा वकील होता. कागदावर मोकळी जागा दिसली की त्याला चैन पडत नसे. माझ्या मैत्रिणीच्या छंदांत त्यानंच 'पोहणं' घातलं होतं; ती मैत्रीण गोमतीचा पूल ओलांडतानासुद्धा रिक्षाची कड घट्ट धरून बसायची. माझ्या कागदावर भाषांच्या ओळीत दोनच भाषा पाहून तो हळहळला. 'बस दो? आप तो मराठी हैं न, वो भी डाल देते हैं। लिखना, पढ़ना, बोलना, तीनों उत्तम।' मी मान डोलावली. म्हणजे लिहिलं त्यानं, पण सही माझी.

नेमकी त्याच ओळीनं मला नोकरी दिली. अमीनाबादेतच चिकनच्या भरतकामाच्या कपड्यांचं घाऊक दुकान होतं. मालकांना सगळे चचा म्हणत. पांढरी टोपी, पानानं रंगलेले ओठ, आणि रागावले तरी समोरच्याला आप म्हणण्याची सवय. त्यांच्याकडून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायका साड्या आणि कुर्ते मागवत आणि घरातूनच विकत. फोन महाग, म्हणून सगळा व्यवहार पत्रांवर. त्या मराठीत लिहीत, चचा हिंदीत उत्तर पाठवत, आणि महिन्याभरानं तीच शंका पुन्हा विचारणारं पत्र येई. चचांनी माझा कागद चष्म्याजवळ नेला आणि विचारलं, 'बिटिया, मराठी लिख लेती हैं?'

'जी,' मी म्हणाले. इतकंच. पण दुकानात मला तपासू शकेल असा एकही माणूस नव्हता, म्हणून ते 'जी' टिकलं.

पत्रांचा गठ्ठा घेऊन मी घरी आले. वाचायला फारसं अडलं नाही, लिपी तर तीच. पण उत्तर लिहायला बसले आणि तासाभरात जे कागदावर उतरलं, ते हिंदीला आहे-नाहीच्या शेपट्या लावल्यासारखं दिसत होतं. आई मटार सोलत होती. मी गठ्ठा तिच्यापुढे ठेवला आणि हिंदीतून सगळं कबूल केलं.

'म्हणजे तू लिहून दिलंस की तुला मराठी उत्तम येतं,' आई म्हणाली.

'हाँ।'

'आणि त्यांनी विश्वास ठेवला.'

'हाँ।'

'माझा नसता बसला,' असं म्हणून तिनं हात पुसले आणि पहिलं पत्र उचललं.

मग आमची पद्धतच ठरली. इंग्रजी आणि हिंदी पत्रं मी दुकानात लिहायची. मराठी पत्रं 'ज़रा इत्मीनान से लिखूँगी' असं सांगून सवडीच्या नावाखाली घरी आणायची. दुपारची झाकपाक झाली की आई कच्चं लिहायची, मी माझ्या अक्षरात पक्कं करायची, खाली माझी सही करायची. दुकानाच्या आधीच्या पत्रांत नमस्कारसुद्धा नसायचा, हे पाहून आईला धक्का बसला होता. तिनं सुरुवात केली ती सप्रेम नमस्कारानं. माल कधी निघाला हे तर ती लिहायचीच, पण पहिल्यांदा रिठ्याच्या पाण्यात धुवा, उन्हात उलटा वाळत घाला, मोतिया रंग सावळ्या मुलींना फार खुलतो, असंही लिहायची. कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेले असायचे, तिला डिंकाच्या लाडवांचं प्रमाण जायचं. मी कुरकुरायची, 'आई, ये बिज़नेस लेटर है।' ती म्हणायची, 'मग तू लिही.' मी पक्कं करायला घ्यायची.

तीन-चार महिन्यांत मागण्या वाढल्या. चचा येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ओळख करून देऊ लागले: 'इनके क़लम में जादू है।' मी खाली बघायची. त्याला ते लोक विनय समजायचे.

मला अपराधी वाटत होतं का? खरं सांगायचं तर फार नाही. मी मनातल्या मनात रोज स्वतःवर खटला भरायची आणि रोज निर्दोष सुटायची. समजतं हे खरं. वाचता येतं हेही खरंच. राहिलं लिहिणं, तर काम होतंय ना, दुकानाचा फायदाच होतोय ना? शिवाय आडनाव काही मी खोटं लावलं नव्हतं. वडील तेव्हा लांब बदलीवर होते, रविवारी यायचे. एका रविवारी त्यांनी ती पत्रं पाहिली.

'लिहिते कोण?'

'आई।'

'सही कोणाची?'

'मेरी।'

वडील पेपर उघडून बसले. थोड्या वेळानं पेपराच्या आडूनच म्हणाले, 'आमच्या रेल्वेत पुलाखाली जो उतरून बघतो, सही तोच करतो.' मग पान उलटलं. मला वडिलांचा राग आला, कारण ते रागावले असते तर मला भांडता आलं असतं. त्या दिवसापासून माझा खटला जरा लांबायला लागला.

सांगलीच्या एक बाई होत्या, आईच्या खास. त्यांची पत्रं मालापुरती कधीच नसायची. पावसानं छपराचं काय केलं, धाकट्या मुलाला गणित का जमत नाही, सगळं असायचं. आई त्यांची पत्रं दोनदा वाचायची आणि गठ्ठ्यात परत न ठेवता गव्हाच्या डब्यामागे ठेवायची. मला नोकरीला आठ महिने झाले असतील, तेव्हा त्यांचं कार्ड आलं. काशीयात्रेला निघाल्या होत्या, वाट वाकडी करून एक दिवस लखनौला उतरणार होत्या. 'तुम्हाला भेटल्याशिवाय जायची नाही. तुमची सगळी पत्रं मी जपून ठेवली आहेत. तुमच्याशी बोलताना बहिणीशी बोलल्यासारखं वाटतं.' वर पत्ता दुकानाचा होता आणि नाव माझं.

आईनं कार्ड वाचलं. उठून ट्रंक उघडली आणि पिवळ्या काठाची इरकल बाहेर काढून कॉटवर ठेवली. मी बघतच राहिले, कारण ती साडी लग्नकार्यालाच निघायची. मग आईच्याच लक्षात आलं. तिनं ती साडी तशीच उचलून परत आत ठेवली.

'तूच भेट त्यांना,' ती म्हणाली. 'थोडं थोडं बोल. घसा बसलाय म्हणावं.'

म्हणजे माझं खोटं सांभाळायला माझी आई, जिनं आम्हाला कधी खोट्या पोटदुखीवर शाळा बुडवू दिली नाही, ती मला नवं खोटं शिकवत होती. आणि त्यासाठी लखनौपर्यंत चालून येणारी तिची एकुलती एक मैत्रीण ती सोडून देत होती. मला इतकी लाज वाटली की मी जेवले नाही. वडिलांच्या पुलाचा अर्थ मला तेव्हा कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच मी चचांपुढे उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. नोकरी गेलीच असं धरून चालले होते, म्हणून टेबलाच्या खणातलं माझं पेन आधीच पिशवीत टाकलं होतं. चचांनी पान तोंडात एका बाजूला सारलं.

'यानी आठ महीने से जादू आपकी वालिदा का था।'

'जी।'

'मुझसे झूठ बोलीं आप। तकलीफ़ हुई। पूछा था मैंने, आप कह देतीं कि वालिदा लिखेंगी, तो क्या मैं मना करता?' आठ महिन्यांत हा साधा मार्ग मला सुचलाच नव्हता. 'अब ये बताइए, उन बीबियों को जो ख़त गए, उनमें कोई बात झूठी थी?'

'बस नीचे का नाम।'

'तो नाम ठीक कीजिए। वो बीबी परसों आ रही हैं न? वालिदा को लेकर आइए।'

आई इरकल नेसून रिक्षातून अमीनाबादला आली. वाटभर पदर सारखा करत होती, इतकी घाबरली होती. सांगलीच्या बाई आधीच येऊन गादीवर बसल्या होत्या. मी त्यांना म्हणाले, 'अक्षर माझं आहे. पत्रं हिची.' त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि म्हणाल्या, 'तरीच. हिला पाहिलं आणि वाटलं, एवढ्याशा पोरीला डिंकाचं प्रमाण कुठलं माहीत.' मग त्यांनी आईचा हात धरला तो धरलाच. त्या दोघी तीन तास बोलत होत्या. चचांनी दोनदा चहा मागवला, दोनदा तो गार झाला. आईचा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांना गाडीत बसवून आलो तेव्हा चचांनी आईला अदबीनं नमस्कार केला आणि महाराष्ट्राची पत्रं सांभाळायला रीतसर विचारलं. मला त्यांनी काढलं नाही. हिंदी-इंग्रजी मी बघायची, आणि मराठीत आईच्या हाताखाली शिकायचं, अशी शिक्षा दिली. फक्त एक अट: दुकानात प्रत्येकाचा बायोडेटा फाइलला लागतो, तेव्हा आईचाही हवा. आणि या वेळी तो टायपिस्टकडून नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोरा कागद घेऊन स्वयंपाकघरात बसले. आई पोळ्या लाटत सांगत होती, मी लिहीत होते. आठ महिने तिचीच वाक्यं उतरवून हात सरावला होता, फारसं अडत नव्हतं. शिक्षण झालं. अनुभवाशी ती थांबली.

'खरं लिहायचं की शोभेल असं?' तिनं विचारलं, आणि स्वतःच हसली. 'लिही, आठ महिने. याच दुकानात.'

मी लिहिलं. मग भाषांची ओळ आली. मराठी उत्तम, हे न विचारताच लिहून टाकलं. हिंदीशी माझं पेन थांबलं. सब्जीवाल्याशी अठरा वर्षं भांडूनही तिचं हिंदी भावतावाच्या पलीकडे गेलं नव्हतं.

'आई, तुला हिंदी कितपत येतं म्हणून लिहू?'

तिनं लाटणं बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. तवा तापून धूर यायला लागला होता. माझं काही चुकलं का, ते मला कळेना.

'पुन्हा विचार,' ती म्हणाली. 'आत्ता विचारलंस तसंच, तुला म्हणून.'

मी पुन्हा विचारलं.