क्लेम म्हणतो, आपण हरणार

क्लेम,

तू माझा धाकटा भाऊ आहेस म्हणून स्पष्ट बोलते. दुसरं कोणी असतं तर याहून स्पष्ट बोलले असते. उद्याच्या सामन्याबद्दलचं तुझं मत मी सोमवारपासून ऐकते आहे. सोमवारी आपण पाच गोलांनी हरणार होतो. बुधवारी आठ झाले. आज सकाळी उकडलेलं अंडं सोलता सोलता तू ते बारावर नेलेस. वारा उत्तरेचा असला तरी आपण हरणार, दक्षिणेचा असला तरी हरणार. अंपायरची सासुरवाडी समोरच्या संघाच्या गावची, टल्लाकची, म्हणून हरणार. मैदान तिसऱ्याच गावचं, म्हणून हरणार. एवढी खात्री आहे तर घरी बस म्हटलं, तर म्हणतोस, "छे, जायला तर हवंच." या रडगाण्याला माझी हरकत नाही. तुझ्याबरोबर म्हातारी झाले तेच ते ऐकत. पण बुधवारी मेंढ्यांच्या बाजारात जे बोलून आलास, त्याचं काय करायचं?

हे पत्र रोमाने कागदावर उतरवलं नाही. वाटाण्याचं सूप ढवळताना ते मनातल्या मनात झालं, आणि ज्याच्यासाठी ते होतं तो तिच्या मागेच टेबलाशी बसून थर्मासचं झाकण घट्ट बसतं का हे पुन्हा पुन्हा बघत होता. उद्याचा थर्मास. उद्याची घोंगडी, उद्याची दुर्बीण आणि लाल-काळा मफलर दाराशी आधीच येऊन बसले होते.

क्लेम पेच त्यांच्या गावची, गोरिंबाची, शाळेची बस चालवायचा. आता निवृत्त आहे, पण अजून वळणावर आला की आरशात मागे बघतो. तरुणपणी तो गावच्या फुटबॉल क्लबाच्या दुसऱ्या संघात अगदी मागच्या कोपऱ्यात खेळला, जिथे चेंडूपेक्षा चिखल जास्त येतो. गोल म्हणून त्याने एकच मारला, तोही वाटेत चेंडूला कुणाचा तरी हात लागला म्हणून अंपायरने नाकारला; इथल्या फुटबॉलमध्ये चेंडू हाताने झेलतात, पण गोलात जाताना त्याला हात लागला तर गोल धरत नाहीत. त्या अंपायरच्या अंत्ययात्रेला क्लेम गेला होता आणि परतताना म्हणाला होता, "माणूस चांगला होता, पण हात लागला नव्हता." त्याची बायको लॉरेल एका उन्हाळ्यात समुद्रकाठी बहिणीकडे गेली ती आलीच नाही. गावात म्हणतात फुटबॉलमुळे; क्लेम म्हणतो दम्यामुळे. मग शाळेत शिकवणं संपवून रोमा त्याच्याकडे राहायला आली. एक घर, एक इस्त्री, एक वर्तमानपत्र; तेवढंच सोयीचं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे गोरिंबाने शेवटचं अजिंक्यपद जिंकलं त्या दुपारी हा मनुष्य अपेंडिक्स काढून दवाखान्यात पडला होता. बाहेर गाड्यांचे भोंगे वाजले तेव्हा नर्सने विचारलं, कुणाचं लग्न आहे का? त्यानंतर आजतागायत त्याने एकही सामना चुकवला नाही, आणि क्लब एकही अजिंक्यपद जिंकला नाही.

आता या भागात सामन्याआधी 'आम्ही जिंकणार' असं कुणी म्हणत नाही. म्हणणाऱ्याच्या माथी पराभव मारला जातो, आणि तो पुढच्या हंगामापर्यंत उतरत नाही. म्हणून बेकरीत, पेट्रोलपंपावर, कुंपणाशी जो तो आपल्याच संघाची धिंड काढतो. समोरचा त्याच्या संघाची काढतो. ज्याचा संघ जास्त दरिद्री ठरेल तो जिंकला. क्लेमइतका या खेळात तरबेज माणूस दोन्ही गावांत नव्हता. घात झाला तो त्यामुळेच.

त्याचं असं झालं. शेजारचा कीरन डफी, मेंढ्यांची लोकर कापणारा, गोरिंबाचा पुढच्या टोकाचा, गोल मारणारा गडी, सगळ्या संघाची भिस्त त्याच्यावर. रविवारी सकाळी क्लेमने त्याला मागच्या दाराच्या पायऱ्या तिरक्या अंगाने, खेकड्यासारखं उतरताना पाहिलं. डाव्या मांडीचा मागचा स्नायू. कीरन कुंपणापाशी आला.

"क्लेम, कुणाला बोलू नकोस हं. टॉडला कळलं तर तो मला बाहेर बसवेल."

टॉड मेलिंगर म्हणजे कोच.

"आणि खेळताना फाटला तर? पुढच्या आठवड्यापासून लोकर कापायची आहे ना तुला? दिवसभर वाकून?"

"नाही फाटत. तू फक्त गप्प राहा."

"माझ्या तोंडून अवाक्षर निघायचं नाही."

रविवार, सोमवार, मंगळवार निघालं नाही. रोमालासुद्धा त्याने सांगितलं नाही, आणि पोटात ते ठेवून ठेवून तो दारावर, किटलीवर, रेडिओवर चिडत राहिला. बुधवारी मेंढ्यांच्या बाजारात टल्लाकचा ट्रकवाला रस हॅबेल भेटला. कठड्यावर कोपर टेकून चारपाच जण उभे होते. पुढचं क्लेमने स्वतःच सांगितलं, तेही आज, टल्लाकच्या बेकरीवालीने फोनवर रोमाला "तुमच्या डफीची मांडी कशी आहे हो, बाई?" असं विचारल्यावर.

रस म्हणाला होता, "काय क्लेम, शनिवारी आमची कत्तल करणार म्हणे तुम्ही."

"कसली कत्तल! आमच्या पोरांना चेंडू दिसला की ती वाट सोडून उभी राहतात."

"आमचा उंच गडी तापाने फणफणलाय."

"आमच्याला ताप नाही, पण फरक कळणार नाही तुला."

"आमच्या कोचला निम्म्या पोरांची नावं आठवत नाहीत."

"नशीबवान आहे. आमच्याला सगळ्यांची आठवतात, म्हणून झोप लागत नाही त्याला."

कठड्यावरची माणसं हसत होती. क्लेम सरळसरळ पुढे होता. मग रसने टोपी मागे सारली आणि म्हणाला, "ते काही असो. तुमच्याकडे डफी आहे. तो एकटा आठ गोल ठोकेल. आम्ही मेलो."

सगळे क्लेमकडे बघत होते. जिंकत आलेला डाव हातचा जात होता.

"डफी?" क्लेम म्हणाला. "अरे, त्याला स्वतःच्या घराची पायरी सरळ उतरता येत नाही! डावी मांडी गेलीय त्याची!"

कुणी हसलं नाही. रस "हं" म्हणाला आणि पलीकडे मेंढ्या बघायला निघून गेला. त्याला मेंढ्या घ्यायच्या नव्हत्या.

काल, गुरुवारी रात्री, क्लबात सॉसेज आणि उकडलेल्या बटाट्यांचं जेवण झाल्यावर टॉडने संघ वाचून दाखवला. पुढच्या टोकाला कीरन डफी. टाळ्या पडल्या. क्लेमने टाळी वाजवली नाही, आणि त्याच्या बाजूच्या बाईला वाटलं, नेहमीसारखाच रुसलाय.

"मग आता?" रोमाने चमचा खाली ठेवला. "टल्लाकचे काय करतील ते मी सांगू का तुला?"

"मला माहीत आहे."

"तो त्यांचा मागचा आडदांड गडी पहिल्या मिनिटापासून कीरनच्या डाव्या अंगाला चिकटेल. पळव, वळव, पळव. पहिल्या विश्रांतीपर्यंत पोरगा जमिनीवर."

"मला माहीत आहे म्हटलं ना!"

"मग इथे थर्मास काय आवळतोयस? शेजारी जा. सांग त्याला की ते ओळखून आहेत."

"सांगितलं तर त्याचं अवसान गळेल."

"मांडी फाटण्यापेक्षा बरं."

"मग टॉडला सांग म्हणशील. टॉडला सांगितलं की तो कीरनला काढणार. कीरन नाही तर पुढे कोण? ते दंतवैद्याचं पोर! त्याच्या हाताला चेंडू म्हणजे साबण. मग हरलोच आपण."

रोमा त्याच्याकडे वळली.

"थांब. 'मग हरलो' म्हणजे काय? आधी काय होणार होतं?"

क्लेमने थर्मासचं झाकण पुन्हा उघडलं.

"सोमवारपासून माझं डोकं उठवलंस हरणार हरणार करून. पाच, आठ, बारा. आणि मनात तुझ्या जिंकायचं चाललंय!"

चोरी पकडल्यासारखा त्याचा चेहरा लाल झाला, कानांपर्यंत. "उद्याचा जिंकला की अंतिम सामन्यापर्यंत एकच उरतो," तो म्हणाला. "आणि कीरन दुखऱ्या पायानेही चार गोल मारतो, रोमा. मारतोच. मला एकदा बघायचंय. मी म्हातारा झालोय, आणि मला एकदा बघायचंय, बस."

तिला त्याची दया आली असती, पण त्याआधी राग आला. शाळेत असताना असं काही ऐकलं की ती खडू टेबलावर आपटायची. इथे तिने सुपाचं झाकण आपटलं.

"तुला बघायचंय म्हणून त्या पोराने पाय फाडून घ्यायचा? त्याची आई भाड्याने राहते, त्याच्या कात्रीवर त्यांचं घर चालतं. जा."

"तू जा. तुला बोलता येतं."

"जीभ तुझी सुटली. मी का जाऊ?"

"तू शिक्षिका होतीस. तुझं ऐकतो तो."

"क्लेम, ऊठ."

तो उठला. मागच्या दारातून बाहेर गेला, आणि रोमा सिंकवरच्या खिडकीशी उभी राहिली. कुंपणापलीकडे कीरन आपल्या गाडीत सामान टाकत होता: बूट, टॉवेल, पाण्याच्या बाटल्या. आज रात्री आईला घेऊन तो मावशीकडे मुक्कामाला जाणार होता, तिथून मैदान जवळ. क्लेम कुंपणाशी पोचला. दोघं काहीतरी बोलले. कीरन हसला. क्लेमने मान हलवली, मग वाऱ्याकडे बोट दाखवलं, मग पुन्हा मान हलवली. कीरनने मोठी बॅग उचलायला डावा पाय पुढे टाकला आणि थबकला. क्लेमने कुंपणाच्या फटीतून पलीकडे जाऊन ती बॅग स्वतः उचलली, गाडीत ठेवली, पट्टा नीट आत सारला. पोराच्या खांद्यावर थाप मारली आणि परत आला.

दारात त्याने बूट पुसले. नको तितके.

"सांगितलंस?"

"बॅग जड होती," क्लेम म्हणाला.

"क्लेम!"

"तोंडापर्यंत आलं होतं गं. तो म्हणाला, 'क्लेम, उद्या मी तुला दाखवतोच.' मग काय सांगणार?"

बाहेर गाडी सुरू झाली, मागे आली, वळली. रोमाने पाहिलं, कीरन आईसाठी दार उघडायला उतरला तो स्टिअरिंगचा आधार घेऊन.

"मावशीकडे फोन आहे," रोमा म्हणाली. "अर्ध्या तासात पोचतील. तेव्हा कर."

"तू कर. मी नंबर सांगतो."

"आधी सूप घे."

त्यांनी सूप घेतलं. क्लेमने पाव बुडवून बुडवून खाल्ला आणि उद्याच्या वाऱ्याबद्दल काही बोलला नाही. अर्धा तास झाला, मग आणखी थोडा वेळ. फोन टेबलाच्या मधोमध होता, मिठाच्या भांड्याला टेकून. रोमाने एकदा तो क्लेमकडे सरकवला. थोड्या वेळाने त्याने तो तिच्याकडे सरकवला.