हेमांगी नाव कुणाचं

गॅरेजात तिला सगळे पाना म्हणायचे. हातात कायम पाना, आणि जीभ त्याहून कडक. खरं नाव हेमांगी. शाळेत बाईंनी अर्थ सांगितला होता, सोन्यासारख्या अंगाची. मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "ही? हिच्यापेक्षा तवा उजळ!" मधल्या सुट्टीत तिने त्याला बेदम धुतला. पुढे शाळा सुटली, नाव सुटलं नाही. आणि आता तर ग्रीसमध्ये कोपरापर्यंत काळी.

आई तिला नावाने कधीच हाक मारायची नाही. "ए पोरी", लई माया आली तर "बाय". बाप मात्र एकही अक्षर न खाता म्हणायचा, हेमांगी. तो तसा म्हणायचा म्हणून तर तिने त्या नावाचे टोमणे आयुष्यभर झेलले.

आई गेली, आणि पाठोपाठ बापाला झटका आला. अर्धं अंग गेलं. बोलण्यातला एकच शब्द उरला, "हो". भूक लागली? हो. पोट भरलं? हो. घराला आग लागली? हो.

परवा आत्या भेटायला आली. चहा पिता पिता बोलून गेली, "वहिनी गरीब म्हणून निभावलं. दादाचा जिच्यावर जीव होता तिचंच नाव पोरीला! दुसरीने घर डोक्यावर घेतलं असतं." मग जीभ चावली.

"कोण होती ती?"

"मला काय ठाऊक, बाई? दादालाच विचार."

दादालाच!

आत्या गेली तशी पाना खाटेजवळ बसली. ट्यूबला भोक कुठंय ते दिसत नसेल तर ती पाण्यात दाबायची, बुडबुडा आला की कळतं. तिने तसंच केलं. डोळ्यांवर नजर ठेवून उलटसुलट विचारत सुटली.

"बाबा, लग्नाआधी होती का कोणी?"

"हो."

"का आत्या थापा मारते?"

"हो."

"आईला माहीत होतं?"

"हो."

"नव्हतं ना माहीत?"

"हो."

डोळे आपले छताकडे.

"अरे, एकदा तरी नाही म्हण की!"

"हो."

तिला हसू फुटलं. हसता हसता तिने खाटेच्या दांडीवर अशी मूठ हाणली की बोटं सोलली. बापाची लाळ गळत होती, ती पुसली. उशी सारखी केली. मग सहज, स्वतःशीच बोलावं तसं, तोंडातून निघालं, "हेमांगी."

बापाची मान वळली. ह्या वेळी तो हो म्हणाला नाही. तोंडाची जिवंत बाजू हसली, डोळे भरून आले, आणि चालता हात चादरीवरून सरपटत येऊन तिच्या काळ्या बोटांवर बसला.

असं तो कुणाकडे बघत होता? तिच्याकडे, का तिच्यातून पलीकडच्या कुणाकडे? विचारलं असतं तरी उत्तर ठरलेलं होतं.

हात ओढून घ्यावा असं तिला फार वाटलं. आईसाठी तरी. पण त्याची पकड घट्ट होती, आणि तिची त्याहून.