सुभेदारांचं बिनआवाजाचं मशीन

"गप ऱ्हा जरा," म्हणून सुभेदार डोळे मिटायचे आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला कान लावायचे. दुकानात गिऱ्हाइकं उभी असायची, बाहेर एसटीचे हॉर्न, शेजारी रसाचा चरक. पण त्यांनी हात वर केला की सगळे गप्प व्हायचे. तुम्ही असता तर तुम्हीही झाला असता.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी कराडमध्ये सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून द्यायचो. येणारा प्रत्येकजण विचारायचा, गेम चालतील का, स्पीकर केवढे मिळतील? फौजेत नकाशे काढून निवृत्त झालेला हा माणूस एकच विचारायचा, "आवाज किती?" मी एकदा थट्टेनं म्हटलं, "सुभेदार, कॉम्प्युटर घेताय का पाळणा?" ते हसले नाहीत. त्यांनी कारण सांगितलं आणि माझंही हसू गेलं.

त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकींच्या हृदयात धातूची झडप बसवली होती. शांत खोलीत बसलं की ती ऐकू यायची, मनगटी घड्याळासारखी. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, हा आवाज दबल्यासारखा वाटला तर असाल तसे जवळचा मोठा दवाखाना गाठा, उशीर केलात तर हाती काही लागायचं नाही. सुभेदारांनी तो हुकूमच मानला. भावकीत उसाची शेती होती, ती भावावर सोपवून त्यांनी कराडात दवाखान्याजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि दिवसभर बायकोचं काळीज ऐकत घरांचे नकाशे काढू लागले.

पेन्सिलीला आवाज नसतो. पण ठेकेदार आता कागदावर भागवून घेईनात. घर पडद्यावर चारी बाजूंनी फिरवून दाखवा म्हणायचे. त्याला चांगलं डिस्प्ले कार्ड लागायचं, आणि चांगल्या कार्डावर छोटा पंखा ठरलेला.

पहिलं कार्ड तसंच होतं. घर झर्रकन फिरलं, मी खूश. सुभेदारांचा कान पत्र्यालाच. "किरकिरतंय," ते म्हणाले, "ह्येच्यात ती बुडून जाईल गड्या." दुसऱ्याला पंखा नव्हता, पण अर्ध्या तासात बोट लावलं तर चटका बसला. "उन्हाळ्यात जळंल ह्ये," ते म्हणाले. मग मी त्यांच्यासाठी मुंबईहून जुन्या बनावटीचं एक कार्ड मागवलं. त्याच्यावर पंख्याऐवजी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा रुंद ठोकळा होता. दोन तास चालवलं तरी जेमतेम कोमट. फक्त घर फिरायला वेळ लागायचा.

"लागू दे की. घर कुठं पळून चाललंय?" सुभेदार म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा ते दुकानात बसून चहा प्याले.

मशीन बसवायला गेलो तर एप्रिलच्या उन्हात छताचा पंखा बंद. भिंतीवर घड्याळाचा नुसता खिळा, कारण घड्याळाची टिकटिक घोटाळा करायची. भांड्यांखाली सतरंजीचे तुकडे. कॅबिनेटमधले बाकीचे दोन पंखे मी व्होल्टेज कमी करून अगदी मंद केले होते. मशीन सुरू झालं हे फक्त हिरव्या दिव्यावरून कळलं. सुभेदार खुर्चीत बसले, मान जराशी काकींकडे कलती ठेवली, आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "येतंय ऐकू."

काकी चार हातांवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्याही दातांनी, कारण हातानं फोडल्या की कडकड वाजायचं. "आवं भाऊ, मला शिंक आली तरी ह्ये उठून उभं ऱ्हात्यात," त्या म्हणाल्या. "घड्याळाशी लगीन लावलं असतं तर बरं झालं असतं. किल्ली तरी देता आली असती."

त्या अशा बोलायच्या आणि सुभेदार मान खाली घालायचे. भीती त्यांना होती, काकींना नव्हती. एका थंडीत मी मशीन पुसायला गेलो तर सुभेदार रिक्षात काकींना बसवत होते, पायांत चप्पलसुद्धा नाही. "दबला रं आवाज, दबला!" सुभेदारांचेच ओठ पांढरे पडलेले. मीही पुढं चढून बसलो. दवाखान्याच्या दारात रिक्षा बंद झाली तेव्हा काकींनी घाम आला म्हणून अंगावरची जाड शाल काढली, आणि आवाज पहिल्यासारखा झाला. रिक्षावाला हसत सुटला. सुभेदारांनी मात्र घरी येईपर्यंत काकींना ती शाल परत घेऊ दिली नाही.

तेव्हापासून दुकानातला फोन वाजला की मीही हातातलं काम टाकून धावायचो. वाटायचं, कार्ड तापलं असेल, पंखा घरघरला असेल, आणि त्या घरघरीत नेमकं तेच ऐकायचं राहून गेलं असेल. कार्ड मी निवडलं होतं ना.

पुढच्या पावसाळ्यात बातमी आली ती उलटीच. सुभेदार गेले. भरदुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या.

पाचव्या दिवशी काकींनी निरोप धाडला, मशीन घेऊन जा. गेलो. टेबलावर त्यांचा चष्मा तसाच पडला होता. पडदा काळा होता, पण वायर काढायला वाकलो तर कॅबिनेटवर हिरवा दिवा.

"काकी, हे चालूच आहे."

"व्हय?" त्या म्हणाल्या. "माणसं आली, गेली, कुणालाच कळलं न्हाई बगा." मग पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "त्या दिशी बी असंच. मी हितंच बसलीवती, शेंगा घिऊन. ह्येंची मान माझ्याकडं कललेली. मशीन बी गप, ह्ये बी गप. तासभर मला वाटलं, माझंच ऐकत बसल्यात."

मी कॅबिनेटचा पत्रा काढला. कार्डाला बोट लावलं, पाच दिवस चालून ते जेमतेम कोमट होतं. बटण दाबून मशीन बंद केलं. आवाजात काहीच फरक पडला नाही. आणि त्या शांततेत मला ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं. टिक, टिक. काकींच्या पदराआडून.

"जावा तुमी," काकी म्हणाल्या. "भन येणार हाय साताऱ्यास्नं, पाचच्या गाडीनं."

तीन वाजले होते. मी मशीन उचललं, दारापर्यंत गेलो, आणि पाऊल पुढं पडेना. मी गेलो तर पाच वाजेपर्यंत ऐकायला घरात कोणी नव्हतं. मशीन खाली ठेवलं आणि सुभेदारांच्या खुर्चीत जाऊन बसलो.

"काय झालं, भाऊ?" काकींनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "बसतो जरा."

पाचची गाडी त्या दिवशी सहाला आली. दुकान उघडं टाकून आलोय, हे मला तोवर आठवलंसुद्धा नाही.