नाक्यावर कोणी नसेल तर सरळ

सुनेच्या हनुवटीला पाणी लागलं तेव्हा मास्तरांनी मला विचारलं, "मावशी, तुम्हाला पोहता येतं का?"

"मला येतं," मी म्हणाले. "पण माझ्या पायावर मोटारसायकल न्हाय पडलेली."

मास्तर मांडीएवढ्या चिखलात उभे होते आणि मोटारसायकलचं हँडल दोन्ही हातांनी वर ओढून धरत होते. त्यांनी सोडलं असतं तर ते सगळं लोखंड सुनेच्या कमरेवर येऊन बसलं असतं. सून उताणी पडलेली, डावा पाय गुडघ्याखाली इंजिनाच्या खाली रुतलेला. मी तिच्या डोक्यामागे चिखलात बसून डोकं मांडीवर घेतलं होतं. म्हणजे मास्तर सोडून जाऊ शकत नव्हते, मी सोडून जाऊ शकत नव्हते, आणि सून तर मुळीच नाही. खाडीला भरती लागली होती. बांधाच्या दगडांवर आदल्या भरतीची काळी रेघ दिसत होती. ती रेघ माझ्या डोक्याच्या वर होती.

भरतीला आवाज नसतो. बसल्या जागी पाणी वाढतं, वर पेंढ्याच्या काड्या तरंगत येतात, बस. आजूबाजूला निवट्या, चिखलातले ते बारके मासे, उड्या मारत होत्या. डोळे वर काढून आमच्याकडे बघत होत्या.

"आई, रडू नका," सून म्हणाली.

"मी न्हाय रडत. मास्तर रडतायत."

आणि ते खरंच रडत होते. हात अडकलेले, त्यामुळे नाक पुसता येत नव्हतं.

आम्ही तिथे कसे पोचलो ते सांगते.

माझी सून उरणजवळ कंटेनरच्या यार्डात हिशेब लिहायला जाते. मुलगा ट्रेलर चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी असतो, त्यातले दोन झोपतो. सुनेने स्वतःच्या पगारातून मोटारसायकल घेतली आणि मोटारसायकलवाल्यांच्या क्लबात गेली. दर महिन्याला एका रविवारी ही मंडळी सकाळी निघतात, डांबरी रस्ता सोडून मुरुमाच्या, खडीच्या रस्त्यांवर हाडं खिळखिळी करून घेतात आणि संध्याकाळी परत येऊन म्हणतात, काय मजा आली. क्लबात दाताचा डॉक्टर आहे, तो अध्यक्ष. किराणा दुकानवाला आहे, शाळेतले मास्तर आणि त्यांची बायको आहे, ती स्वतःची वेगळी गाडी चालवते, आणि बाकी अशीच पोट सुटलेली माणसं.

आधी मी सुनेशी भांडले. लोकांना वाटलं बाईमाणसाने मोटारसायकल चालवू नये म्हणून भांडते. तसं काही नव्हतं. ती रविवारी जाणार आणि मी घरात टीव्हीपुढे बसणार, हे मला पटत नव्हतं. मग तीच म्हणाली, "चला मागे बसून." मी बसले. नऊवारी लुगड्यात दोन्हीकडे पाय टाकून मस्त बसता येतं. पंजाबी ड्रेसवाल्या ओढण्या सांभाळत असतात. हेल्मेट मात्र घालावं लागतं, त्यात अंबाडा बसत नाही, म्हणून मी वेणी घालायला लागले. या वयात वेणी. शेजारणी हसल्या. हसू दे.

क्लबातलं माझं काम म्हणजे भाकऱ्या. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. पहिल्या वेळी आमच्या दोघींपुरत्या नेल्या होत्या, त्या त्यांनी खाल्ल्या, आणि तेव्हापासून प्रत्येक वेळी पहाटे उठून मी सगळ्यांसाठी थापते. मोठा स्टीलचा डबा सुनेच्या गाडीच्या पिशवीत मागे बांधलेला असतो. मला क्लबात मान आहे तो या डब्यामुळे, माझ्यामुळे नाही. मला तसं चालतं.

आता त्यांचा नियम. एवढे लोक एकामागे एक जाणार, धूळ उडणार, पुढचा दिसणार नाही. मग वाट चुकू नये म्हणून ते असं करतात: जिथे वळायचं असेल त्या नाक्यावर पुढचा एक जण थांबतो आणि मागून येणाऱ्यांना हात करून वळण दाखवतो. सगळ्यांत शेवटच्या माणसाच्या अंगात नारिंगी जॅकेट असतं. ते जॅकेट समोरून गेलं की नाक्यावरचा समजतो, सगळे गेले, आणि तोही त्याच्या मागे निघतो. आणि ज्या नाक्यावर कोणी उभं नसेल तिथे वळायचं नाही, सरळ जायचं. नियम चांगला आहे. पोराटोरांना कळेल असा आहे. मास्तरांना तो फार आवडायचा. शेवटचा माणूस नेहमी मास्तरच असायचे, कारण त्यांना कोणाच्या पुढे जायची घाई नव्हती.

त्या रविवारी आम्ही पेणच्या पुढे खारपट्ट्यात शिरलो होतो. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला खाडी आणि तिवरं, मधून लाल मुरुमाचा रस्ता. पांढरे बगळे. बघायला छान, बसायला वाईट. एका टपरीवर चहा झाला. ऊन चढलं होतं. मास्तरांनी जॅकेट काढून गाडीवर टाकलं. त्यांच्या बायकोला फोटो काढायचा होता. मागे खाडी, अंगात नारिंगी रंग उठून दिसेल म्हणून तिने ते घातलं. फोटो काढला. तिला तो आवडला नाही, मग आणखी काढले.

चहा प्यायला की मला जावं लागतं. सत्तरी ओलांडली की सगळ्यांनाच लागतं, बाकीचे सांगत नाहीत. मंडळी निघायला आणि मी सुनेला सांगायला एकच गाठ पडली. "थांब, मला जाऊन येऊ दे." मास्तरांनी बाकीच्यांना हात केला, "तुम्ही व्हा पुढे, मी आहे मागे." सगळे गेले. मी करंजाच्या झाडामागे गेले. मास्तर पाठ करून इतके ताठ उभे राहिले, जशी काय शाळेत प्रार्थना चालू आहे.

त्यांची बायको सगळ्यांच्या मागून जॅकेट घालून गेली. तिच्या लक्षात नाही, मास्तरांच्या नाही, आमच्याही नाही. जॅकेटच्या खिशात मास्तरांचा फोन होता, तोही गेला. पुढच्या नाक्यावर किराणावाला उभा होता. त्याच्यासमोरून नारिंगी जॅकेट गेलं. त्याने मान हलवली, गाडी चालू केली आणि तोही वळून गेला.

आम्ही तिघं नाक्यावर आलो तर तिथे एक बकरी.

रस्ता डावीकडे वळत होता. सरळ दिसत होता तो खाडीचा बांध, वर मुरूम टाकलेला, गाडी जाईल एवढा रुंद. सुनेने विचारलं, "मास्तर, इथून डावीकडे असंल ना?"

"कोणी उभं आहे का?"

"न्हाय."

"मग सरळ."

"नक्की?"

"अहो, नियमच आहे तो. कोणी नसेल तर सरळ."

मला विचाराल तर मलाही तो रस्ताच वाटला. सून पुढे, मास्तर मागे, असे आम्ही बांधावर निघालो. पुढे पुढे बांध अरुंद होत गेला. एका ठिकाणी तो कधीतरी फुटला होता आणि नुसती माती लोटून बुजवला होता. सुनेचं पुढचं चाक त्या मातीत घुसलं. गाडी खाडीच्या अंगाला कलली. मी वजनाला काही नाही, मी उडून वर गवतात पडले. सून गाडीसकट घसरत खाली चिखलात गेली.

आधी आम्हाला वाटलं, उचलू. मास्तर उतरले, मी उतरले, ओढलं, ढकललं. चिखल एकदा धरतो तो सोडत नाही. पायाखालचा चिखल मी हाताने उपसत होते, तेवढाच परत येऊन बसत होता. सुनेचा फोन हँडलला लावलेला, तो सगळ्यांत आधी पाण्यात गेला. माझा घरी. मला कोण फोन करणार, सगळ्यात जास्त बोलते ती माझ्यापुढे गाडीवर बसलेली असते. ओरडून बघितलं. बगळे उडाले.

आणि मग पाणी हनुवटीला लागलं.

सून म्हणाली, "आई, माझ्या कपाटात वरच्या खणात..."

"गप. तोंड उघडलंस तर पानी जाईल."

"ऐका तरी."

"न्हाय ऐकायचं. कपाट कुठं पळून जात न्हाय. घरी गेल्यावर सांग."

ती गप्प बसली. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी सांगितलं आणि ती गप्प बसली असं तेव्हाच झालं.

मास्तर एकदम ओरडले, "हॉर्न! मावशी, माझ्या गाडीचा हॉर्न!"

त्यांची गाडी वर बांधावर धडधाकट उभी होती. चावी तशीच लटकत होती. इतका वेळ हे त्यांना सुचलं नव्हतं. मलाही नाही. पण मी उठले तर डोकं पाण्यात जाणार. तेव्हा मला डबा दिसला. गाडीच्या वरच्या अंगाला पिशवी होती, ती अजून कोरडी होती. डबा ओढून काढला आणि सुनेच्या मानेखाली आडवा सरकवला, वर तिचं हेल्मेट उलटं करून डोकं त्यात बसवलं. डबा माझ्या मांडीपेक्षा उंच निघाला. पाणी हनुवटीवरून गळ्याशी गेलं. तेवढंच.

"हलू नको. खाली भाकऱ्या हायेत."

"चटणीचा डबा कुठंय?" सून म्हणाली. तेव्हा मला वाटलं, ही वाचेल.

मी चारी हातापायांवर बांध चढले. चावी फिरवली. एक बटण दाबलं, दिवा लागला. दुसरं दाबलं, पिवळा दिवा उघडमीट करायला लागला. भर दुपारी मी दिवे लावत बसले होते. खालून मास्तर ओरडत होते, "डावीकडे! डावीकडे!" मास्तरांचं डावीकडे आता सुरू झालं. तिसरं बटण हॉर्नचं. त्यावर अंगठा ठेवला तो उचललाच नाही. वरून सुनेचा चेहरा दिसत होता, ताटलीएवढा, बाकी सगळं पाणी. पाणी पुन्हा हनुवटीला आलं. मग ओठांना. तिने ओठ मिटले आणि नाक वर केलं. मी हॉर्नला शिव्या देत होते. एवढी महागाची गाडी आणि आवाज सायकलवाल्या पाववाल्यासारखा.

तिकडे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. मंडळी पुढच्या गावात देवळाच्या ओट्यावर सतरंजी टाकून हात धुऊन बसली होती. अध्यक्षांनी नारिंगी जॅकेट बघितलं आणि म्हणाले, "शेवटचा आला, म्हणजे सगळे आले." तेव्हा किराणावाल्याने विचारलं, "मग भाकऱ्या कुठायत?" म्हणजे आम्हाला कोणी शोधलं नाही. भाकऱ्यांना शोधलं. मास्तरांच्या बायकोने स्वतःच्या अंगाकडे बघितलं आणि किंचाळली. माणसं वेगवेगळ्या वाटांना धावणार होती, पण दाताचा डॉक्टर म्हणाला, "थांबा. नाक्यावर कोणी नव्हतं ना? मग मास्तर सरळ गेला. खाडी आली तरी तो सरळच जाईल."

म्हणून ते थेट बांधावर आले आणि त्यांना हॉर्न ऐकू आला.

सगळे पोटासकट खाली उतरले. एकाने सुनेचं डोकं धरलं. बाकीच्यांनी गाडी धरली. "एक, दोन..." तीन म्हणायच्या आधीच उचलली, आणि पाय बाहेर आला. बूट आत राहिला.

"माझा बूट," सून म्हणाली. तोंडातून पाणी थुंकून बोललेला हा पहिला शब्द.

अध्यक्षांनी पाय बघितला. "मोडलाय."

"दाताच्या डॉक्टरला एवढं कळतं, बरं झालं," मी म्हणाले.

सतरंजीवर घालून तिला नाक्यापर्यंत आणली, तिथून एका मासळीच्या टेम्पोतून दवाखान्यात. तिथे आम्ही सगळे चिखलाने काळे, बाकावर ओळीने बसलो. मास्तर सारखे म्हणत होते, "नियम चुकीचा नव्हता, मावशी." त्यांची बायको म्हणाली, "आता बोललात तर दुसराही पाय मोडेल, तुमचा." किराणावाला बराच वेळ चुळबुळ करत होता. शेवटी त्याने विचारलं, "मावशी, त्या भाकऱ्या..."

"बांधाखाली हायेत, तिच्या डोक्याखालच्या. जा, खाऊन या. मीठ घालायला नको."

मोटारसायकल ओहोटीनंतर काढली. ती नुसती भंगाराच्या कामाची राहिली होती.

मास्तरांचा फोन एवढ्या वेळाने खिशातून बाहेर आला होता. त्यावरून मी मुलाला लावला. तो ट्रेलर घेऊन कुठेतरी गुजरातच्या रस्त्याला होता. मी म्हणाले, खाडीत पडलो, गाडी गेली.

"कुठली गाडी?" तो म्हणाला.

मी फोन बाजूला धरून हाताचा चिखल लुगड्याला पुसला. मग त्याने घाबरून विचारलं, "आई, कोण कोण होतं? बोल की."

"आम्ही तिघं व्हतो," मी म्हणाले. "तुझी बायको वाचली. मास्तर वाचले. मी पण वाचले."