आमची गल्ली सोडून

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. पक्षात तर नाहीच – जिथे बैठकीत आत्मटीका करायची आमची रीतच आहे. तिथे मी उशिरा येण्याची, वर्गणी थकवल्याची कबुली देत आलो.

सुनंदाताई आमच्या घरकामगार संघटनेची. धुणीभांडी करणारी, बौद्ध, बोलायला खणखणीत. महापालिकेच्या निवडणुकीत प्रभागातली जागा बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा तिचं नाव मीच सुचवलं. हे आधी का सांगतोय? थोडं बरं दिसावं म्हणून असेल.

प्रचार माझ्याकडे होता. वस्ती, बाजार, फ्लॅटच्या इमारती – सगळीकडे तिला घेऊन फिरलो. राहिली फक्त माझी गल्ली. नोकरदार, पेन्शनर, सगळे आमच्याच जातीचे. आणि आमची पद्धत अशी, की ज्याच्या गल्लीत फेरी, त्याच्या घरी शेवटी उमेदवारानं बसून चहा घ्यायचा.

तिनं दोनदा आठवण करून दिली. मग हसत म्हणाली, "भाऊ, तुमच्या गल्लीत कुत्रे चावतेत का? मले तिकडे नेऊनच नाही राहिले."

"ती घरचीच मतं आहेत ताई. पक्की," मी म्हणालो.

कशाला भीत होतो मी? शेजाऱ्यांच्या दारात उमेदवार म्हणून तिची ओळख करून द्यायला. ती माझ्या सोफ्यावर बसली असती आणि आईनं कुठला कप काढला असता – त्याला. पण आईचं नाव मध्ये आणणं बरोबर नाही. आईला मी विचारलंच नव्हतं.

सुनंदाताई पडली. थोडक्यात पडली. माझ्या गल्लीच्या बूथवर तिला जवळजवळ काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू फाटकाशी माझ्या बायकोला म्हणाल्या, "बाकी सगळे येऊन गेले, तुमचीच बाई काहून नाही आली वं? आम्ही काय खाऊन टाकत होतो तिले? मी तर तिलेच देणार होती." मी आत दाढी करत होतो. शब्दन्‌शब्द ऐकला.

तरी आढावा बैठकीत काय बोललो? – की सवर्ण मध्यमवर्ग कष्टकरी दलित बाईला मत देत नाही, त्याचं वर्गचारित्र्य आड येतं. पुष्कळ ठिकाणी हे खरंच असतं. म्हणूनच कुणी विचारलं नाही, की तुम्ही तिथे गेला होतात का. सुनंदाताईला ठाऊक होतं, गेलो नव्हतो. ती उठून म्हणाली, "भाऊले वाटलं, घरची मतं आहेत. भाऊलेही फसवलं त्यायनं."

मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं.

पुढच्या वेळी ती उभी राहिली नाही. संघटनेत नव्या आलेल्या बायकांना ती आता सांगते – त्या घरांत काम करा, पगारासाठी भांडा, पण मत मागायला जाऊ नका, ते आपल्याला देत नसतात. हे तिला मी शिकवलं.