शेवटाआधी उठणारे काका

आमच्या फिल्म क्लबच्या महोत्सवात यंदा सगळे 'नुआर' सिनेमे होते, जुने कृष्णधवल आणि काही अलीकडचे रंगीत. अशा सिनेमांतला माणूस एक चूक करतो आणि मग बुडतच जातो. सकाळच्या खेळाला माझ्या शेजारी एक निवृत्त काका बसायचे आणि सिनेमा संपायला दहा मिनिटं उरली की माझ्या पायांवरून धडपडत बाहेर जायचे. तिसऱ्या दिवशी मी वैतागून विचारलंच, "काका, शेवट बघायचा नसतो का तुम्हाला?"

"कशाला? आत्ता तो गाडीत बसलाय, शेजारी बाई आहे, रस्ता मोकळा आहे. मी त्याला तिथेच सोडून येतो."

मला माझा भाऊ आठवला. हॉस्पिटलात उशीला टेकून चहा पीत होता, चेहऱ्यावर तरतरी होती. "उद्या येतो रे," म्हणून मी निघालो. दुसऱ्या दिवशी कॉट रिकामी होती. मीही त्याला चहा पितानाच सोडून आलो होतो. पण तसं सोडून आल्यानं काय टळलं?

काल मीही काकांबरोबर उठलो. लॉबीत लख्ख ऊन आलं होतं. कँटीनवाल्यानं दोन चहा दिले. पहिला घोट घेतो न घेतो तोच बंद दारामागून गोळीचा आवाज आला. मग आणखी एक.

काकांनी दाराकडे पाहिलं नाही.

"साखर जास्त झालीय आज," ते म्हणाले.

"हो ना," मी म्हणालो.